माठ झिरपतो मग स्टीलची बाटली का नाही: नववीच्या एका वर्गाच्या बेसिक सायन्स टेस्टची गोष्ट

मी कळव्यातल्या एका सेमी-इंग्लिश शाळेत नववी-दहावीला सायन्स शिकवते. यावर्षी जूनपासून नोव्हेंबरपर्यंत आमच्या नववी अ मध्ये जे झालं ते सविस्तर लिहून ठेवतेय, कारण आमच्या स्टाफरूममध्ये हा विषय निघाला की प्रत्येकजण म्हणतो मुलांचं बेसिक कच्चं आहे, आणि मी पण म्हणायचे, पण कच्चं म्हणजे नक्की काय कच्चं हे आम्ही कधी नीट तपासलंच नव्हतं.

सुरुवात एका पाण्याच्या बाटलीने झाली. जूनचा शेवटचा आठवडा, बाहेर धो धो पाऊस, मधल्या सुट्टीनंतरचा तास. पहिल्या बाकावरच्या मुलीने घरून फ्रीजमधलं पाणी आणलेलं, साधी एका पत्र्याची स्टीलची बाटली, आणि बाकावर पाण्याचं गोल तळं झालं होतं, वही भिजली. मी सहज विचारलं, अगं हे पाणी कुठून आलं? ती म्हणाली, "मॅडम, बाटलीतून झिरपतं ना." मला वाटलं झाकण लूज असेल असं म्हणतेय. तर नाही. तिचं म्हणणं होतं की थंड पाणी स्टीलमधून हळूहळू बाहेर येतं. ही मुलगी आठवीत वर्गात पहिली होती! मी विचारलं कंडेन्सेशन माहितीये का, तर तिने लगेच व्याख्या म्हणून दाखवली, बाष्प गार होऊन त्याचं पाणी होणं, इंग्लिशमध्ये, एकही शब्द न चुकता.

त्या दिवशी मला रात्री झोप नाही लागली असं नाही म्हणणार, पण घरी जाईपर्यंत डोक्यात तेच होतं. व्याख्या पाठ आहे, शब्द माहितीये, पेपरात पूर्ण मार्क पडतील, आणि समोर बाटली ठेवली तर ती व्याख्या त्या बाटलीला लागू होते हेच तिला माहीत नाही. असे अजून किती असतील?

दुसऱ्या दिवशी मी नववी ब ला शिकवणाऱ्या सरांशी बोलले. ते म्हणाले टेस्ट घेऊया, सातवी-आठवीपर्यंतच्या बेसिकवर, फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी तिन्ही. सरकारी पायाभूत चाचणीत भाषा, गणित, इंग्रजी असतं, सायन्स नसतं, त्यामुळे आम्हाला तयार काही मिळणार नव्हतं. मी त्याच रात्री बसून ४ ऑप्शनवाले २५ प्रश्न काढले. सरांनी ते वाचले आणि एकच विचारलं, हे चुकीचे ऑप्शन तुम्ही कुठून आणले? मी म्हटलं मनाने. ते म्हणाले मग ती आपली चूक झाली, मुलांची चूक कुठे आहे त्यात.

हा मुद्दा मला तेव्हा पटकन कळला नव्हता पण आता वाटतं की सगळ्यात महत्त्वाचा तोच होता. आपण ऑप्शन लिहिताना एक बरोबर लिहितो आणि तीन असेच भरतो, म्हणजे मुलाच्या डोक्यात जे आहे ते त्या चारात नसेलच तर तो काहीतरी ठोकून देतो आणि आपल्याला काहीच कळत नाही. सायन्स एज्युकेशनमध्ये डेव्हिड ट्रेगस्ट यांनी १९८८ मध्ये दोन पायऱ्यांच्या टेस्टची पद्धत मांडली होती, आधी मुलांशी बोलून, मोकळे प्रश्न विचारून त्यांच्या कल्पना गोळा करायच्या, मग त्याच कल्पना ऑप्शन म्हणून टाकायच्या, आणि प्रत्येक उत्तराबरोबर कारणही विचारायचं. फिजिक्समध्ये फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी म्हणून १९९२ ची टेस्ट आहे तिच्यातही चुकीचे ऑप्शन हे विद्यार्थ्यांच्या खऱ्या समजुतींमधून घेतलेले आहेत. सरांनी ट्रेनिंगमध्ये हे ऐकलं होतं.

मग जुलैच्या पहिल्या आठवड्यात नववी ब ला आम्ही ऑप्शन न देता प्रश्न दिले, नुसतं लिहा. आणि तिथे पहिलीच अडचण आली. बोर्डाच्या पॅटर्नमध्ये "शास्त्रीय कारणे लिहा" हा प्रश्न वर्षानुवर्षं आहे, त्यामुळे कारण लिहा म्हटलं की मुलं गाईडमधलं वाक्य टाकतात. कारण असं दिसतं पण ते कारण नसतं, पाठ केलेली ओळ असते. क्लासच्या नोट्समधली तीच ओळ नऊ-दहा पेपरांत, कॉमासकट. सगळं परत घ्यावं लागलं. दुसऱ्या वेळी आम्ही फळ्यावर लिहिलं की पुस्तकाची भाषा नको, घरी आजीला सांगाल तसं लिहा, मराठीत लिहा. हिंदीत लिहिलं तरी चालेल. आणि एकदम फरक पडला. जी मुलं इंग्लिशमध्ये अर्धी ओळ लिहायची ती चार-चार ओळी लिहायला लागली, आणि त्या चार ओळींत सगळं बाहेर आलं.

त्यातून २० प्रश्न ठरवले, ७ फिजिक्सचे, ६ केमिस्ट्रीचे, ७ बायोलॉजीचे. प्रत्येक प्रश्नाला ४ ऑप्शन, खाली कारणासाठी दोन ओळी जागा, आणि शेजारी दोन चौकोन, "खात्री आहे" आणि "अंदाज". हे चौकोन माझी आयडिया होती आणि मला वाटतं टेस्टमधली सर्वात उपयोगी गोष्ट तीच ठरली. कारण २० प्रश्नांना ४ ऑप्शन म्हणजे डोळे मिटून टिक केलं तरी सरासरी ५ बरोबर येतात. ७ मार्क मिळालेल्या मुलाला ३५ टक्के येतं असं आपण धरतो, त्याला कदाचित दोनच प्रश्न खरे येत असतील. आणि दुसरं, चुकलेला आणि अंदाज मारलेला मुलगा वेगळा, चुकलेला आणि खात्री असलेला मुलगा पूर्ण वेगळा. पहिल्याला माहीत नाही. दुसऱ्याला माहीत आहे, पण चुकीचं. रिझल्टमध्ये दोघांना शून्यच पडतो, आणि आपण दोघांना तोच धडा परत शिकवतो.

टेस्ट जुलैच्या मध्यात घेतली, जोड तासाला. मार्क धरणार नाही असं आधीच सांगितलं. ५२ पैकी ४८ मुलं होती.

निकाल थोडक्यात सांगते. नुसते ऑप्शन बघितले तर सरासरी २० पैकी ११ च्या थोडं वर. कारण पण बरोबर असेल तरच मार्क द्यायचा ठरवलं तर सरासरी ५ पण जेमतेम. मी आणि सर शाळा सुटल्यावर दोन दिवस पेपर घेऊन बसलो होतो, आणि खरं सांगते सरासरीकडे नंतर आम्ही बघितलंच नाही, एकेका प्रश्नाची कारणं वाचण्यातच वेळ गेला.

बाटलीचाच प्रश्न घ्या. ४८ पैकी ३१ जणांनी बरोबर ऑप्शनला टिक केलेलं, हवेतल्या बाष्पाचं पाणी झालं. आपण नेहमीसारखी टेस्ट घेतली असती तर हा टॉपिक झाला म्हणून पुढे गेलो असतो. पण कारणाच्या ओळीत त्या ३१ पैकी १४ जणांनी फक्त एक शब्द लिहिलेला, "कंडेन्सेशन". ८ जणांनी नीट लिहिलं होतं की हवेत पाणी असतं, बाटली गार असल्यामुळे ते तिच्यावर जमतं. बाकीच्यांनी रिकामं सोडलं किंवा भलतंच. चुकलेल्या १७ पैकी १३ जणांचा चौकोन "खात्री आहे".

मग मी त्या एका शब्दवाल्यांपैकी ६ जणांना मधल्या सुट्टीत एकेकटं बोलावलं, बाटली समोर ठेवली आणि विचारलं की कंडेन्सेशन बरोबर आहे, आता सांग हे पाणी आधी कुठे होतं. ५ जणांनी बाटलीकडे बोट दाखवलं. म्हणजे कंडेन्सेशन हे त्यांच्यासाठी "झिरपण्याचं इंग्लिश नाव" होतं! आणि त्याच मुलांना भूगोलात सांद्रीभवन शिकवलेलं असतं, ढग कसे बनतात त्यात, ते त्यांना छान येतं. पण सेमीमध्ये सायन्स इंग्लिशमध्ये आणि भूगोल मराठीत, त्यामुळे सांद्रीभवन आकाशात होतं आणि कंडेन्सेशन पेपरात होतं, दोन्ही एकच आहे हे कोणी त्यांना सांगितलेलंच नाही. मी पण नाही. इतकी वर्षं शिकवतेय आणि एकदाही दोन्ही शब्द एका फळ्यावर लिहिले नव्हते.

मी पहिल्या बाकावरच्या त्या मुलीला विचारलं की तुला झिरपतं असं का वाटतं. ती म्हणाली, "आमच्याकडे माठ आहे, तो बाहेरून ओला असतो. आजी म्हणते झिरपतो म्हणून पाणी गार राहतं." आणि हे शंभर टक्के खरं आहे. माठ झिरपतोच. माती सच्छिद्र असते, पाणी बाहेर येतं, त्याची वाफ होताना उष्णता घेतली जाते आणि आतलं पाणी गार होतं. म्हणजे तिने एक खरी, स्वतः बघितलेली, घरातल्या मोठ्या माणसाने समजावलेली गोष्ट घेतली आणि स्टीलच्या बाटलीला लावली. गार पाणी, बाहेरून ओलं भांडं, दोन्हीकडे दिसायला एकच. हे ऐकल्यावर तिच्या उत्तराबद्दल माझं मत पूर्ण बदललं. तिचं डोकं व्यवस्थित चाललं होतं. अशा मुलीला मी परत कंडेन्सेशनची व्याख्या सांगून काय उपयोग होणार होता.

जुलैच्या शेवटी आम्ही हे वर्गातच लावलं. सरांनी शेजारच्या डेअरीतून बर्फ आणला, मी घरून किचनचा डिजिटल काटा नेला. आधी चर्चा. मी म्हटलं पाण्यात रंग घालू, बाटलीतून झिरपत असेल तर बाहेरचे थेंब रंगीत येतील. शाई घातली, थेंब साधेच आले. मला वाटलं झालं काम. तर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, रंग आतच अडकतो, पाणी गाळून बाहेर येतं." आणि अर्धा वर्ग त्याच्या बाजूने! दुसऱ्याने अजून भर घातली की माझी थर्मासवाली बाटली आहे ती बाहेरून ओली होत नाही, कारण तिला डबल पत्रा आहे, दोन पत्र्यातून पाणी येऊ शकत नाही. आता बघा, थर्मासची गोष्ट आपण आपल्या बाजूचा पुरावा म्हणून सांगतो की बाहेरचा पत्रा गार होत नाही म्हणून त्यावर पाणी जमत नाही, आणि मुलांनी तोच पुरावा त्यांच्या बाजूला लावला आणि तो लागतो पण. मी दोन मिनिटं गप्प उभी होते, काय बोलावं कळेना.

सर म्हणाले वजन करू. झाकण घट्ट बंद केलेली, बाहेरून कोरडी पुसलेली बर्फाच्या पाण्याची बाटली काट्यावर ठेवली तर थोड्या वेळाने वजन कमी होईल, तेवढंच राहील, का वाढेल? आधी हात वर करून मत घ्यायचं, मग बघायचं. त्या दिवशी ४७ होते. कमी होईल २२, तेवढंच राहील १७, वाढेल ८. तेवढंच राहील वाल्यांचं कारण मला आवडलं, ते म्हणाले आतलं पाणी बाहेर आलं तरी बाटलीवरच आहे ना, काट्यावरून कुठे गेलंय. म्हणजे झिरपतं असं मानून सुद्धा त्यांनी व्यवस्थित विचार केला होता.

सुरुवातीला ७४२ ग्रॅम. वर्गात कधी नव्हे ती शांतता. दहा मिनिटांनी ७४४. एकाने सांगितलं काटा हललाय, बाकाला धक्का लागला. मग एका मुलीने, जी एरवी तासाला तोंड उघडत नाही, तिने सांगितलं की मॅडम दुसरी बाटली घ्या, नळाच्या साध्या पाण्याची, ती पण वाढते का बघा, म्हणजे काट्याची चूक आहे का कळेल. कंट्रोल म्हणजे काय हे मी या मुलांना कधी शिकवलं नव्हतं! काटा एकच होता म्हणून आलटून पालटून ठेवत होतो. साध्या पाण्याची बाटली ७३८ ची ७३८ राहिली. गार बाटली तासाच्या शेवटी ७४७. मग ती फडक्याने पुसली आणि परत ठेवली, ७४२.

तो गाळून येतं म्हणणारा मुलगा स्वतःच उठला आणि म्हणाला, मग हे ५ ग्रॅम बाहेरून आलं. मी काही बोलले नाही, त्याला बोलू दिलं.

सरांनी शेवटी फळ्यावर एक हिशोब केला तो पण सांगते कारण मुलांना तोच सगळ्यात जास्त लक्षात राहिलाय. आमचा वर्ग साधारण ८ मीटर बाय ६ मीटर, उंची साडेतीन मीटर, म्हणजे १६८ घनमीटर हवा. २८ अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅमच्या आसपास बाष्प मावतं, पावसाळ्यात आपल्याकडे दमटपणा ८५ टक्के धरला तर २३ ग्रॅम. गुणाकार केला तर पावणेचार लिटरच्या वर. म्हणजे त्या क्षणी वर्गाच्या हवेत जवळजवळ चार लिटर पाणी न दिसता तरंगत होतं आणि त्यातलं ५ ग्रॅम बाटलीवर बसलं. मुलं वर छताकडे बघायला लागली होती.

आता टेस्टमध्ये आमच्या काय चुका झाल्या ते. उकळत्या पाण्यातले बुडबुडे कशाचे असतात हा प्रश्न होता, ऑप्शन हवा, वाफ, हायड्रोजन-ऑक्सिजन, उष्णता. बऱ्याच जणांनी हायड्रोजन-ऑक्सिजन टिक केलेलं, कारण पाणी म्हणजे एचटूओ हे पाठ आहे. इथे शिकवलेल्या गोष्टीमुळेच चूक झालेली दिसते, न शिकलेल्या मुलाने हे लिहिलंच नसतं. पण एका मुलाने हवा टिक करून कारण लिहिलं की पातेलं गॅसवर ठेवल्यावर आधी बारीक बुडबुडे येतात ते हवेचे असतात. आणि ते बरोबर आहे, पाण्यात विरघळलेली हवा आधी बाहेर पडते, खळखळून उकळताना जे मोठे बुडबुडे येतात ते वाफेचे. आमच्या प्रश्नात "खळखळून उकळताना" असं लिहिलेलंच नव्हतं. चूक आमची, त्याला मार्क दिला आणि प्रश्न बदलला.

दुसरी चूक भाषेची. रात्रभर एकाच खोलीत ठेवलेली स्टीलची वाटी आणि लाकडी पाट, कोणाचं तापमान कमी? उत्तर दोन्हीचं सारखं, स्टील हातातली उष्णता लवकर ओढून घेतं म्हणून गार लागतं. एका मुलीने लिहिलं, स्टील मुळात थंड असतं, जसं ताक थंड आणि आंबा उष्ण. आधी मला हे उत्तर गंमतीचं वाटलं होतं, मग बसून विचार केला की आपल्या घरात थंड आणि उष्ण हे शब्द रोज याच अर्थाने वापरतात, पपई उष्ण, सब्जा थंड, मुलाला उष्णता झाली. थंड हा पदार्थाचा स्वभाव आहे असंच ती लहानपणापासून ऐकत आलीये. वजनाचंही तेच. माझं वजन ५० किलो असं आपण सगळेच बोलतो, आणि मग नववीत सांगतो की ५० किलो हे वस्तुमान आहे, वजन न्यूटनमध्ये मोजतात. घरचा शब्द चुकीचा आहे असं सांगून भागत नाही, घरी या शब्दाचा हा अर्थ आणि सायन्सच्या तासाला हा अर्थ असे दोन रकाने आम्ही आता वर्गाच्या भिंतीवरच लावलेत, मुलं त्यात भर घालतात. शक्ती, बल, ताकद, जोर हे चार शब्द अजून नीट बसलेले नाहीत, त्याबद्दल पुढे सांगते.

गोणपाटाचा प्रश्न मात्र माझ्या मनाला लागला. बर्फाचा तुकडा गोणपाटात गुंडाळला तर लवकर वितळेल का उशिरा? बहुतेकांचं उत्तर लवकर, कारण गोणपाट गरम असतं, गोधडीसारखं. वर्गात एक कोळीवाड्यातला मुलगा आहे, आई मार्केटमध्ये मासे विकते, त्यानेही लवकर वितळेल यालाच टिक केलेलं. मी त्याला बोलावलं आणि विचारलं आई बर्फ कशात ठेवते रे? म्हणाला गोणपाटात, नाहीतर अकराला पाणी होतं. मग पेपरात असं का लिहिलंस? तो म्हणाला, "मला वाटलं सायन्समध्ये वेगळं असेल." हार्वर्डमध्ये फिजिक्स शिकवणारे एरिक माझुर यांनी त्यांच्या वर्गाबद्दल जवळपास असंच सांगितलेलं आहे, एका विद्यार्थ्याने विचारलं होतं की उत्तर तुम्ही शिकवल्याप्रमाणे देऊ का मला वाटतं तसं. तिथे निदान विचारलं तरी. आमच्या मुलाने विचारलं पण नाही, त्याला रोज दिसणारी गोष्ट त्याने स्वतःच बाजूला ठेवली. या मुलाला युनिट टेस्टला नेहमी २० पैकी ६-७ असतात आणि मी त्याला कच्च्या मुलांच्या यादीत धरत होते. गोणपाट उष्णता देत नाही, आत यायला अडवतं, हे वर्गाला समजावण्यासाठी मग मी त्यालाच उभं केलं.

बायोलॉजीत झाडाचं अन्न हा मोठा गोंधळ. कुंडीतलं रोप वर्षभरात दोन किलोने वाढलं तर ते वजन मुख्यतः कुठून आलं, याला ४८ पैकी ३६ जणांनी माती किंवा खत. प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण त्यातल्या बहुतेकांना बॅलन्स करून लिहिता येतं. इथे मी ३०० हून अधिक वर्षांपूर्वीचा व्हॅन हेल्माँटचा प्रयोग सांगितला, त्याने साधारण ९० किलो कोरडी माती मोजून घेतली, त्यात सव्वादोन किलोचं विलोचं रोप लावलं, ५ वर्षं फक्त पाणी घातलं, झाड ७७ किलोच्या आसपास झालं आणि माती कमी झाली फक्त ५७ ग्रॅम. हे १६४८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. मुलांनी लगेच निष्कर्ष काढला की म्हणजे सगळं पाण्यातून आलं, आणि गंमत म्हणजे व्हॅन हेल्माँटनेही हाच निष्कर्ष काढला होता, वायूंचा अभ्यास करणारा आणि गॅस हा शब्द देणारा हाच माणूस, तरी हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच्या हिशोबात आलाच नाही. मुलांना हे सांगितल्यावर बरं वाटलं असं मला दिसलं, की इतका मोठा माणूस पण इथेच अडकला होता. श्वसनाचं अजून बाकी आहे, झाडं फक्त रात्री श्वास घेतात म्हणून रात्री झाडाखाली झोपू नये हे घराघरात सांगितलेलं असतं, आणि झाडाच्या प्रत्येक पेशीत रात्रंदिवस श्वसन चालू असतं हे सांगितलं की विचारतात पण मॅडम झाडाला नाक कुठे आहे. श्वास आणि श्वसन, परत शब्दच.

एक अडचण आम्हाला अपेक्षित नव्हती. मार्क नाहीत म्हणून सांगितलं तरी मुलांनी आपापसात पेपर मोजले आणि घरी सांगितलं. दोन पालकांचे फोन आले, एक आई तर भेटायलाच आल्या. मी त्यांना म्हटलं ताई बसा, मुलीचा पेपर बघू. कारणं वाचून दाखवली, माठाचं पण सांगितलं. त्या म्हणाल्या, "मॅडम खरं सांगू का, मला पण ते झिरपतं असंच वाटत होतं." मग आम्ही अर्धा तास बोललो. त्यांची काळजी खोटी नव्हती, पुढच्या वर्षी बोर्ड आहे, भाग १ आणि भाग २ चे ४०-४० मार्कांचे पेपर, त्यात हे विचारणार आहेत का? थेट विचारणार नाहीत कदाचित. मी त्यांना तेच सांगितलं, खोटं आश्वासन नाही दिलं. मोठ्या मॅडमनी पण सिलॅबसबद्दल विचारलं, आणि तो प्रश्न रास्त होता, या सगळ्यात आमचे नऊ तास गेले, ते आम्ही शनिवारी भरून काढले, सरांनी तर दोन रविवार दिले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर परत टेस्ट घेतली. तेच प्रश्न दिले असते तर उत्तरं पाठ झालेली असतात हे आता आम्हाला माहीत होतं, म्हणून प्रसंग बदलले. बाटलीच्या जागी विचारलं, पावसाळ्यात एसी लोकलमधून ठाण्याला उतरल्या उतरल्या चष्म्याच्या काचा धूसर होतात, ते पाणी कुठून आलं? ४६ पैकी ३५ बरोबर, कारणासकट २७. जुलैत कारणासकट ८ होते. पण ६ जणांनी एक नवीनच गोष्ट लिहिली, एसीची थंड हवा काचेला चिकटून बाहेर येते आणि तिचं पाणी होतं. ही समजूत जुलैत नव्हती, आमच्या शिकवण्यातूनच कुठेतरी तयार झाली असणार, बहुतेक आम्ही गार, गार असं इतक्या वेळा म्हटलं की मुलांनी पाणी गारव्यातून येतं असं धरलं. झाडाच्या प्रश्नाला माती म्हणणारे ३६ चे ११ झाले, पण हवेपेक्षा पाणी म्हणणारे अजून जास्त आहेत.

आणि एक प्रश्न जवळपास हललाच नाही. चेंडू सरळ वर फेकला, सगळ्यात वरच्या टोकाला पोचला, हवेचा विरोध धरू नका, त्या क्षणी त्याच्यावर कोणतं बल आहे? बरोबर उत्तर फक्त गुरुत्वाकर्षणाचं, खालच्या दिशेने. जुलैत ४८ पैकी ९, आता ४६ पैकी १२. बाकी सगळे शून्य म्हणतात, आणि जवळजवळ सगळ्यांचा चौकोन "खात्री आहे". कारण एकच, हाताने दिलेली ताकद वर जाताना संपत जाते, वर संपली, मग गुरुत्वाकर्षण सुरू होतं. न्यूटनचे तिन्ही नियम पाठ आहेत. मी सांगून बघितलं की सेकंदाला ९.८ मीटर वेगाने फेकला तर एका सेकंदात तो थांबतो म्हणजे वर जाताना पण कोणीतरी त्याला सतत खाली ओढतंय, आणि वर जर काहीच बल नसतं तर तो तिथेच लटकून राहिला असता. त्यावर वर्गाचा विकेटकीपर आहे तो म्हणाला, "राहतो ना मॅडम, उंच कॅच असला की बॉल वर थोडा वेळ थांबतो, मी रोज बघतो." सगळ्यांनी माना हलवल्या.

त्याला दिसतं ते खोटं नाही, वरच्या टोकाजवळ वेग इतका कमी असतो की थांबल्यासारखंच वाटतं. म्हणून आता जानेवारीत ग्राउंडवर मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्यायचं ठरवलंय, मागे भिंतीवर दर २० सेंटीमीटरला खडूच्या रेघा मारून, म्हणजे एकेका फ्रेमला चेंडू किती सरकला ते मोजता येईल आणि वर खरंच थांबतो का तेही बघता येईल. रेघा मारायचं काम त्या विकेटकीपरने मागून घेतलंय.